ओर्लेआँचा ड्यूक? आधी साल सांगा

प्रश्न असा आला आहे: “१४०७ मध्ये ओर्लेआँच्या ड्यूकचा पॅरिसच्या रस्त्यावर खून झाला, १४१५ मध्ये ओर्लेआँचा ड्यूक इंग्रजांच्या कैदेत सापडला, १७९३ मध्ये ओर्लेआँचा ड्यूक गिलोटिनवर गेला. हे सगळे एकाच घराण्यातले का? राजाशी यांचं कायम वाकडं का? आज कोणी ओर्लेआँचा ड्यूक आहे का? आणि फ्रान्सला गेलो तर यांचं काही बघण्यासारखं आहे का?”

चारही प्रश्न चांगले आहेत, आणि पहिल्याच प्रश्नात मी स्वतः आपटलेलो आहे. बावीस वर्षं मी पुण्यात फ्रेंच शिकवतो आणि वर्षातून एक-दोनदा मराठी मंडळींचा गट घेऊन ल्वार नदीकाठचे राजवाडे दाखवतो. पहिल्या वर्षी ब्ल्वाच्या राजवाड्याच्या चौकात उभं राहून मी ठोकून दिलं होतं, की १४०७ मध्ये ज्याला मारलं त्याचाच वंश पुढे गिलोटिनपर्यंत गेला. गटात इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. बसमध्ये शेजारी येऊन बसल्या आणि हळूच विचारलं, “सर, मग मधले वाल्वा संपले आणि बूर्बां आले, त्याचं काय?” तेव्हापासून कोणी ‘ओर्लेआँचा ड्यूक’ म्हणालं, की मी आधी साल विचारतो.

तर, एकच घराणं नाही. ही पदवी चार वेळा नव्याने दिली गेली, आणि मधल्या काळात राजाच्या धाकट्या मुलांकडे आलटून पालटून फिरत राहिली. खून झालेला लुई आणि त्याचा कैदेत गेलेला मुलगा शार्ल हे फ्रान्सच्या वाल्वा राजघराण्यातले. १७९३ चा फिलिप त्यांच्यानंतर आलेल्या बूर्बां राजघराण्यातला. बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ ओढली तर ती एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचत नाही.

यासाठी आधी ‘आपानाज’ ही व्यवस्था समजून घ्यावी लागते. फ्रान्सची गादी थोरल्या मुलाला. मग धाकट्याने खायचं काय? त्याच्या इतमामासाठी एखादा प्रांत तोडून द्यायचा. शब्दाच्या मुळातच भाकरी आहे, लॅटिनमधला ‘पानिस’. मात्र ही जमीन त्याच्या मालकीची होत नसे. औरस पुरुष वारस नसला की ती परत राजाकडे जायची, आणि तो स्वतः राजा झाला तरी ती गादीत विलीन व्हायची. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर हे वतन नव्हे. सरंजामाच्या जवळचं काहीतरी आहे, फक्त त्यामागे चाकरीची अट नसून रक्ताचं नातं आहे. म्हणून ‘ओर्लेआँचा ड्यूक’ हे आडनाव म्हणून वाचलं की गोंधळ होतो. ती एक जागा आहे, राजाच्या पाठच्या भावासाठी राखलेली. जागा तीच राहते, बसणारे बदलतात.

ही जागा निर्माण झाली तीही नुकसानभरपाई म्हणून. चौदाव्या शतकात आग्नेयेकडचा दोफिने प्रांत फ्रान्सच्या राजघराण्याकडे येणार होता. १३४३ च्या करारात तो राजा सहाव्या फिलिपच्या धाकट्या मुलाला, त्याचंही नाव फिलिपच, द्यायचं ठरलं होतं. पुढच्याच वर्षी बेत बदलला आणि दोफिने थोरल्या शाखेकडे वळवला. पुढे फ्रान्सच्या युवराजाला ‘दोफँ’ म्हणू लागले ते त्यावरूनच. हातचा प्रांत गेलेल्या धाकट्याची समजूत काढायला १३४४ मध्ये ओर्लेआँ दिलं. तो औरस संतती न होता वारला आणि ओर्लेआँ राजाकडे परत आलं. पहिला अंक इथेच आटोपतो.

दुसरा अंक मात्र सगळ्यात रंगतदार आहे. १३९२ मध्ये राजा सहाव्या शार्लने आपला भाऊ लुई याला ओर्लेआँ दिलं. त्याच वर्षी राजाला वेडाचा पहिला झटका आला. राजा कधी भानावर, कधी नाही. मग कारभार कोणाच्या हाती? एका बाजूला सख्खा भाऊ लुई, दुसऱ्या बाजूला बर्गंडीचे ड्यूक, म्हणजे आधी काका आणि काका गेल्यावर चुलतभाऊ जाँ, ज्याला ‘निर्भय जाँ’ म्हणत. भांडण मुख्यतः खजिन्याच्या किल्ल्यांचं होतं. बर्गंडीचा अर्धाअधिक थाट राजाच्या तिजोरीवर चालायचा, आणि लुई ती तिजोरी आपल्याकडे ओढत होता. भाऊबंदकी हा शब्द आपण फार ऐकला आहे, पण तिचा इतका शुद्ध नमुना क्वचित सापडतो.

लुई काही साधा माणूस नव्हता. १३९३ च्या जानेवारीत दरबारातल्या नाचात राजा आणि त्याचे सोबती अंगाला ताग चिकटवून रानटी माणसं बनले होते. लुईच्या हातातली मशाल जवळ आली आणि ताग पेटला. चौघे जळून मेले. राजाला त्याच्या तरुण काकूने आपल्या झग्याखाली घेऊन वाचवलं. मुद्दाम केलं असं म्हणायला पुरावा नाही, पण पॅरिसने ते विसरलंही नाही. त्यात लुईचे कर जबर आणि राणी इझाबोशी त्याची ऊठबस फार, त्यामुळे गावात त्याच्याबद्दल बरं बोलणारे थोडेच होते.

२३ नोव्हेंबर १४०७ च्या रात्री तो राणीच्या वाड्यावर होता. राणीचं मूल नुकतंच दगावलं होतं. ‘राजाने तातडीने बोलावलंय’ असा निरोप आला. निरोप खोटा होता. मोजकी माणसं आणि मशाली घेऊन खेचरावरून निघालेल्या लुईला जुन्या तांप्ल रस्त्यावर दबा धरलेल्या टोळीने गाठलं, हात तोडला, कवटी फोडली. जाँ अंत्यविधीलाही हजर होता. तपास अंगाशी येतोय असं दिसल्यावर त्याने गुन्हा कबूल केला आणि पॅरिसमधून पळाला. पुढच्या वर्षी परतला तो एक धर्मपंडित घेऊन. जुलमी माणसाला मारणं पाप नाही, पुण्यच आहे, असं त्या पंडिताने भर सभेत तासन्‌तास मांडलं. लुईची बायको व्हालेंतीना, मिलानच्या व्हिस्कोंतींची मुलगी, न्याय मागत फिरली आणि १४०८ च्या डिसेंबरमध्ये ब्ल्वाला वारली. ‘माझं आता काहीच नाही, आणि काहीच माझं नाही’ हे तिने स्वीकारलेलं वाक्य मी ब्ल्वाला गटाला सांगतो, तेव्हा फोटो काढणारेही क्षणभर थांबतात. १४१९ मध्ये मोंतरोच्या पुलावर, वाटाघाटी चालू असताना, जाँचाही खून झाला. दोन खुनांच्या मधल्या बारा वर्षांत देश यादवीत बुडाला आणि इंग्रज आत आले.

त्या इंग्रजांच्याच तावडीत लुईचा मुलगा शार्ल सापडला. २५ ऑक्टोबर १४१५, आझांकूरची लढाई, ज्याला इंग्रज अॅजिनकोर्ट म्हणतात. वय वीस. प्रेतांच्या ढिगाखालून त्याला जिवंत ओढून काढलं, आणि पुढची पंचवीस वर्षं तो इंग्लंडमध्ये या किल्ल्यातून त्या किल्ल्यात फिरत राहिला. एवढ्या मोठ्या असामीला इंग्रज सहज सोडतील कसे? दरम्यान १४२८ मध्ये त्यांनी त्याच्याच ओर्लेआँ शहराला वेढा घातला. धनी आपल्या कैदेत असताना त्याच्या गावावर चालून जाणं त्या काळच्या रिवाजात हलकटपणाचं मानलं जाई. ८ मे १४२९ ला वेढा उठला तो जोन ऑफ आर्कमुळे, हे सगळ्यांना माहीत असतं. आत शहर लढवत होता शार्लचा अनौरस भाऊ द्यून्वा, हे फारसं माहीत नसतं. त्याला ‘ओर्लेआँचा दासीपुत्र’ अशा अर्थाच्या शब्दानेच ओळखत, आणि त्यात त्याला कमीपणाही वाटत नसे.

शार्ल १४४० मध्ये सुटून आला. गंमत अशी, की त्याची खंडणी जमवण्यात बापाच्या मारेकऱ्याचा मुलगाच पुढे होता, आणि शार्लने त्याच्या भाचीशी लग्नही केलं. वैर असं विझलं. मग तो ब्ल्वाला जाऊन बसला आणि राजकारणातून मन काढून कविता करत राहिला. तुरुंगातही तेच करत होता. हिवाळ्याने वारा-पावसाचा झगा उतरवून ठेवला अशा अर्थाचं त्याचं छोटं गीत फ्रेंच मुलं आजही शाळेत पाठ करतात. या सगळ्या ड्यूकांमध्ये माझा जीव कोणावर असेल तर याच्यावर.

सदुसष्टाव्या वर्षी त्याला मुलगा झाला, लुई. या लुईवर अकरावा लुई राजा टपलेला होता. ओर्लेआँची शाखा खुंटावी म्हणून राजाने आपली अपंग मुलगी जान त्याच्या गळ्यात बांधली. हिला मूल होणार नाही असा सरळ हिशेब. जावई पुढे बंडात उतरला, १४८८ मध्ये पकडला गेला, तीन वर्षं तुरुंगात राहिला. आणि मग ७ एप्रिल १४९८ ला तरुण राजा आठवा शार्ल आंब्वाझच्या राजवाड्यात घाईने जाताना दाराच्या चौकटीला डोकं आपटून त्याच दिवशी वारला. त्याला जिवंत मूल नव्हतं. ओर्लेआँचा ड्यूक बारावा लुई झाला. त्याला तुरुंगात टाकणारे लोक घाबरून गेले, तेव्हा तो म्हणाला म्हणतात, की ओर्लेआँच्या ड्यूकच्या भांडणांचा सूड फ्रान्सच्या राजाने उगवू नये. जानपासून मात्र त्याने लगेच सुटका करून घेतली आणि आधीच्या राजाच्या विधवेशी, ब्रिटनीच्या ॲनशी, लग्न केलं. आजी व्हालेंतीनाच्या नावावर मिलान मागायला तो इटलीत सैन्य घेऊन गेला, म्हणजे १३८९ मधल्या एका लग्नाचं बिल शतकानंतर वसूल करायला निघाला.

राजा झाला, त्यामुळे ओर्लेआँ पुन्हा गादीत विलीन. सोळावं शतक मी भरभर ओलांडतो, तुम्हीही ओलांडा. पदवी राजपुत्रांच्या हातांतून अशी फिरते की विद्यार्थी वही मिटतात. लक्षात एवढंच ठेवा, की दुसरा हेन्री, नववा शार्ल आणि तिसरा हेन्री हे तिघेही राजे लहानपणी कधी ना कधी ओर्लेआँचे ड्यूक होते. तिघेही जन्माने धाकटे, आणि तिघांच्याही वाटेतला मोठा भाऊ अकाली गेला.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्याच्या आणि गादीच्या मध्ये एकच माणूस उभा आहे, आणि तो माणूस निपुत्रिक किंवा आजारी आहे, त्याच्याकडे राजा कोणत्या नजरेने बघणार? आणि राजावर नाराज असलेला प्रत्येक सरदार कोणाच्या दारात जाऊन बसणार? स्वभावाचा प्रश्न नंतरचा.

गास्तों बघा. तेराव्या लुईचा भाऊ, १६२६ पासून ओर्लेआँचा ड्यूक, दरबारात नुसतं ‘मस्य’, म्हणजे राजाचा पाठचा भाऊ. राजाला लग्नाच्या तेवीस वर्षांत जिवंत मूल झालं नाही. तोवर गादीचा वारस गास्तोंच. त्याच्या नावावर कट शिजत राहिले. १६२६ च्या कटात शाले गेला, १६३२ च्या बंडात मोंमोरांसी गेला, १६४२ च्या कटात सँ-मार गेला. या तिन्ही सरदारांची मुंडकी उडाली आणि गास्तों प्रत्येक वेळी साथीदारांची नावं सांगून, भावाच्या पाया पडून सुटला. त्याच्यावर दया करावी असं मला कधी वाटलेलं नाही. मुलगी मात्र बापापेक्षा मर्द निघाली. १६५२ मध्ये फ्रोंद नावाच्या बंडाळीत तिने पॅरिसच्या बास्तीय किल्ल्याच्या तोफा राजाच्याच सैन्यावर डागायला लावल्या. बाप ब्ल्वाला हद्दपार होऊन १६६० मध्ये तिथेच मेला.

त्याच्या मृत्यूनंतर पदवी चौदाव्या लुईच्या भावाकडे आली, फिलिपकडे. इथून पुढचा वंश सलग आहे, आणि आजचे ‘ओर्लेआँ’ म्हणजे हेच. गास्तोंसारखा दुसरा भाऊ घडू नये याची घरात काळजी घेतली गेली होती. फिलिपला दागिने, अत्तरं, रेशमी फिती, बायकी वेश आवडायचे. त्याचे जिवलग पुरुषच असायचे. आणि कोणी त्याला त्यापासून परावृत्त केलं नाही, कारण असा भाऊ निरुपद्रवी वाटत होता. तरी ११ एप्रिल १६७७ ला कासेलला त्याने डच सेनापती ऑरेंजच्या विल्यमला मैदानात हरवलं. पॅरिसने जल्लोष केला. राजाने त्यानंतर त्याला पुन्हा कधी सैन्य दिलं नाही. बदल्यात मानपान, आणि १६९२ मध्ये पॅरिसमधला पाले-र्वायाल हा राजवाडा कायमचा. सँ-क्लूचा राजवाडा त्याच्याकडे आधीपासूनच होता. त्याची दुसरी बायको जर्मनीतली लिझलोटे. ती रोज माहेरच्यांना इतकी खरमरीत पत्रं लिहायची की व्हर्सायचा खरा वास हवा असेल तर आजही अभ्यासक तिच्याकडेच जातात.

त्यांचा मुलगा दुसरा फिलिप, म्हणजे ‘रीजंट’, बालराजाच्या वतीने राज्य चालवणारा. १७१५ मध्ये चौदावा लुई वारला तेव्हा त्याचा पणतू, पंधरावा लुई, पाच वर्षांचा होता. म्हाताऱ्या राजाने मृत्युपत्रात फिलिपचे हात बांधून ठेवले होते. फिलिपने दुसऱ्याच दिवशी, २ सप्टेंबरला, पॅरिसच्या उच्च न्यायपीठाकडून ते मृत्युपत्र बाजूला सारून घेतलं आणि मोबदल्यात न्यायपीठाला राजाज्ञेवर हरकत घेण्याचा जुना अधिकार परत दिला. ही देवघेव पंधराव्या आणि सोळाव्या लुईला फार महाग पडली. बालराजाला त्याने नीट सांभाळलं आणि वेळेवर राज्य हाती दिलं, हे त्याच्या रात्रीच्या मेजवान्यांच्या चवदार कहाण्यांमध्ये हरवून जातं. कर्ज फेडायला त्याने जॉन लॉ या स्कॉटिश माणसाच्या कागदी चलनावर विश्वास टाकला. लॉच्या कंपनीचा पाचशे लिव्रचा (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) शेअर १७१९ च्या अखेरीस दहा हजारांच्या आसपास गेला आणि १७२० मध्ये सगळा डोलारा कोसळला. त्या कंपनीने मिसिसिपीच्या काठी १७१८ मध्ये वसवलेल्या गावाला रीजंटचं नाव दिलं. ते न्यू ऑर्लिन्स.

त्याने घेतलेली आणखी एक वस्तू लूव्रमध्ये आहे, आणि तिथे मी गटाला हमखास थांबवतो. रीजंट हिरा, सुमारे १४१ कॅरट. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा खाली आंध्रात कोल्लूरपाशी जाते, तिथल्या खाणीतला. मद्रासचा इंग्रज गव्हर्नर थॉमस पिट याने तो जामचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून घेतला, इंग्लंडला पाठवला, पैलू पाडून घेतले आणि १७१७ मध्ये रीजंटला विकला. किंमत १,३५,००० पौंड. तिजोरी रिकामी असताना!

पुढचे दोन ड्यूक थोडक्यात. एक इतका देवभोळा की राजवाडा सोडून मठात जाऊन राहिला. त्याचा मुलगा लठ्ठ, नाटकवेडा, सुखी माणूस. १७८५ मध्ये सँ-क्लू राणी मारी आंत्वानेतसाठी विकलं आणि त्याच वर्षी वारला.

आणि मग तुमचा १७९३ वाला. याची नावं बघा: जन्मतः मोंपांसिएचा ड्यूक, पाचव्या वर्षापासून शार्त्रचा ड्यूक, १७८५ पासून ओर्लेआँचा, आणि १७९२ च्या सप्टेंबरपासून नागरिक फिलिप एगालिते, म्हणजे ‘समता’. शार्त्र हे या घराण्यात थोरल्या मुलाचं नाव. त्यामुळे जुन्या आठवणींत ‘शार्त्रचा ड्यूक’ वाचलं की पुन्हा साल बघायचं, कारण तोच पुढे ओर्लेआँ होणार असतो.

कर्ज फेडायला याने पाले-र्वायालच्या बागेभोवती कमानी बांधून दुकानं भाड्याने दिली. ‘भाऊसाहेब, दुकान टाकलंत, आता रविवारीच भेट व्हायची,’ असा टोमणा सोळाव्या लुईने मारला म्हणतात. जागा ड्यूकची खासगी, म्हणून पोलिसांना आत मज्जाव. कॅफे, जुगार, वेश्या, बंदी घातलेली पत्रकं, सगळं तिथे. १२ जुलै १७८९ ला कामीय देमुलँ या पत्रकाराने लोकांना शस्त्र घ्या म्हणून चेतवलं ते याच बागेत. दोन दिवसांनी बास्तीय पडला. हे सगळं याच्या पैशाने घडलं असं राजपक्षाचे लोक शेवटपर्यंत म्हणत राहिले. माझ्या मते त्याच्यात एवढा पोच नव्हता. त्याच्या घरात क्रांती भाड्याने राहत होती, एवढंच. पण जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या शिक्षेवर मतदान झालं, तेव्हा तो आजारी पडू शकला असता, गैरहजर राहू शकला असता. तो उठला आणि चुलतभावाच्या मृत्यूच्या बाजूने मत दिलं. सभागृहात त्याच्याच बाजूचे लोक चरकले. एप्रिलमध्ये त्याचा मुलगा सेनापती द्युमुरियेसोबत शत्रूकडे पळाला आणि बापाला अटक झाली. ६ नोव्हेंबर १७९३ ला गिलोटिन. शेवटची काही पावलं तो ताठ मानेने चालला, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलं आहे.

तो पळालेला मुलगा, लुई-फिलिप, स्वित्झर्लंडमध्ये खोट्या नावाने शाळामास्तर झाला, लॅपलंड फिरला, अमेरिकेत राहिला, १८१४ मध्ये परतला आणि १८३० च्या क्रांतीत राजा झाला. ‘फ्रान्सचा राजा’ नाही, ‘फ्रेंचांचा राजा’. पिढ्यानपिढ्या आपानाजच्या कायद्याखाली राहिलेल्या घराण्याचा तो माणूस होता. राजा होणाऱ्याची मालमत्ता गादीत विलीन होते हे त्याला तोंडपाठ. म्हणून ९ ऑगस्टला शपथ घ्यायच्या दोन दिवस आधी त्याने खासगी इस्टेट मुलांच्या नावे केली, आणि त्यातून थोरल्याला वगळलं, कारण त्याला गादी मिळणारच होती! मला हा मास्तर फार आवडतो. पण १८५२ मध्ये नेपोलियनचा पुतण्या लुई-नेपोलियन याने ही इस्टेट जप्त केलीच. फ्रेंचमध्ये ‘व्होल’ म्हणजे झेपही आणि चोरीही. गरुड हे नेपोलियन घराण्याचं चिन्ह, म्हणून पॅरिसमध्ये लोक म्हणाले, गरुडाची ही पहिली ‘व्होल’.

१८३० नंतर पदवीचा अर्थ उलटला हेही सांगायला हवं. आता राजाच ओर्लेआँ, त्यामुळे ‘ओर्लेआँचा ड्यूक’ ही पदवी धाकट्याची न राहता युवराजाची झाली. युवराज फेर्दिनां-फिलिप लोकांना आवडायचा. १३ जुलै १८४२ ला नुईच्या वाटेवर बग्गीचे घोडे उधळले, तो खाली आदळला आणि काही तासांत गेला. वय ३१. सहा वर्षांनी क्रांती झाली तेव्हा गादीवर म्हातारा बाप आणि वारस म्हणून नऊ वर्षांचा नातू. तरुण युवराज असता तर काय झालं असतं, यावर फ्रेंच लोक अजून वाद घालतात.

पुढचा नामधारी ड्यूक फिलिप, १८६९ मध्ये लंडनजवळ ट्विकनमच्या यॉर्क हाउसमध्ये जन्मलेला. १८८६ च्या कायद्याने जुन्या राजघराण्यांचे प्रमुख आणि त्यांचे थेट वारस हद्दपार झाले. हा १८९० मध्ये चोरून पॅरिसला आला आणि म्हणाला, मला सैन्यात साध्या शिपायाचं जेवण द्या. काही महिन्यांचा तुरुंग मिळाला आणि ‘डबेवाला राजपुत्र’ अशा धर्तीचं टोपणनाव. नंतर ‘बेल्जिका’ जहाजातून आर्क्टिकच्या मोहिमा केल्या, आणि १९२६ मध्ये पालेर्मोला निपुत्रिक वारला. जन्माचं ते यॉर्क हाउस त्याने पुन्हा विकत घेतलं होतं. १९०६ मध्ये ते विकलं कोणाला? मुंबईच्या सर रतन टाटांना. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, म्हणजे इथेही पाठचा भाऊच. बागेतले संगमरवरी जलकन्यांचे पुतळे टाटांच्या काळातले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटांचा कलासंग्रह पाहिलेला असेल, तर माणूस तुमच्या ओळखीचाच आहे.

आज ड्यूक आहे का? हद्दपारीचा कायदा १९५० मध्ये रद्द झाला आणि कुटुंब परतलं. प्रजासत्ताक नव्या पदव्या देत नाही. जुन्या, वैध रीतीने आलेल्या पदव्यांची नोंद न्याय मंत्रालयात होऊ शकते, पण तिला नावाला जोडलेल्या मानापलीकडे किंमत नाही. ‘द ओर्लेआँ’ हे आता कुटुंबाचं आडनाव झालं आहे. ‘ओर्लेआँचा ड्यूक’ ही पदवी घरातल्या एखाद्याला कुटुंबप्रमुख सौजन्य म्हणून देतो. कुटुंबप्रमुख स्वतः ‘पॅरिसचा काउंट’ म्हणवतो. स्पेनच्या शाखेतले बूर्बां म्हणतात, खरे वारस आम्ही. १९८८ मध्ये दोन्ही बाजू पॅरिसच्या न्यायालयात राजचिन्हावरून भांडल्या, तेव्हा न्यायालयाने या वादात निवाडा करायला नकार दिला.

बघायचं असेल तर ब्ल्वा. एका चौकात उभं राहून तिघे दिसतात. बाराव्या लुईच्या विटांच्या भागात भिंतीवर साळिंदर कोरलेलं आहे. ते त्याच्या आजोबांनी, खून झालेल्या लुईने, घराण्याचं चिन्ह केलं होतं. समोरचा गंभीर दगडी भाग गास्तोंचा, आर्किटेक्ट मांसारकडून बांधून घेतलेला. १६३५ मध्ये सुरू, १६३८ मध्ये बंद. त्या वर्षी चौदावा लुई जन्मला, गास्तों वारस राहिला नाही आणि पैसा आटला. आत कोरीवकाम अर्धवट सुटलेलं दिसतं. ढालीवर सोनेरी लिलीच्या फुलांच्या वर तीन दातांची पांढरी पट्टी दिसली की ओळखायचं: फुलं राजाची, पट्टी धाकट्या भावाची.

वेळ उरला तर पॅरिसच्या पश्चिमेला द्रू गावी घराण्याचं समाधी-मंदिर आहे. तिथे बग्गीतून पडून गेलेल्या फेर्दिनांची समाधी आहे. त्याची बायको हेलेन प्रॉटेस्टंट होती, म्हणून तिला कॅथलिक मंदिरात जागा देता येईना. तिच्यासाठी लागूनच वेगळी खोली बांधली आणि मधल्या भिंतीत झरोका ठेवला. तिची संगमरवरी मूर्ती आडवी पहुडलेली आहे आणि एक हात त्या झरोक्यातून नवऱ्याच्या समाधीकडे गेलेला आहे. गाइड पटापट पुढे नेतात. तुम्ही थांबा.